कोटाच्या अस्तरातली ओटी

हे लिहावं की नाही, याचा बरेच दिवस निर्णय होत नव्हता. असे अनुभव लिहिणाऱ्यांची श्रद्धा पक्की असते. माझी तशी नव्हती, आणि आजही ती पक्की झाली आहे असं मला छातीठोकपणे म्हणता येणार नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. इंजिनिअरिंग झालं, शिष्यवृत्ती मिळाली, मास्टर्स करायला ब्रिस्टलला आलो, आणि या सगळ्यात देवाचं नाव घेणं कधी थांबलं ते कळलंच नाही. ठरवून सोडलं नव्हतं. लहानपणी आंघोळ करताना गुणगुणायची सवय असते आणि मोठेपणी ती आपोआप जाते, तसं ते गेलं. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे ते कृपा होती की नुसता योग, हे मी ठरवत बसलेलो नाही. जसं घडलं तसं लिहितो.

त्या वर्षी हिवाळा संपता संपता बार्शीहून बाबांचा फोन आला. आईच्या गर्भाशयात गाठ होती, रक्त फार जात होतं, आणि डॉक्टरांनी पिशवी काढायला सांगितली होती. लवकर, शक्यतो महिन्याच्या आत. “आणि ती नको म्हणतीय,” बाबा म्हणाले. बाबा शिंपी आहेत. कठीण बोलायचं झालं की ते मशीन चालवत चालवत बोलतात. त्या दिवशी मशीनचा आवाज मुळीच थांबत नव्हता. मी आईला फोन द्यायला सांगितलं.

“ज्या पोटानं तुला दिलं, ते काढून टाकायचं म्हणत्यात,” आई म्हणाली. “टाकू दे. मी कुठं न्हाई म्हणते? पर देवीला बोललेलं राहिलंय. आधी तिची ओटी, मग माझं पोट.”

तिचं हे बोलणं कळण्यासाठी थोडं मागं जावं लागेल. आम्ही भावसार. आमचे पणजोबा कापड रंगवायचे, बाबा शिवतात. आमची कुलदेवी हिंगलाज. मी सात वर्षांचा असताना मला मेंदूज्वर झाला होता. त्या दिवसांतलं मला फक्त एवढंच आठवतं की दवाखान्याच्या भिंती पाण्याखाली असल्यासारख्या हलत होत्या आणि पायाशी बसलेली आई लांबून, खूप लांबून काहीतरी बोलत होती. ती नवस बोलत होती. पोरगं वाचू दे, मी तुझ्या मूळ ठाण्याला ओटी पाठवीन. देवीचं देऊळ आमच्या गावातही आहे, पण भीतीपोटी आईला वाटलं, मोठं मागायचं तर मोठंच बोलावं. ते मूळ ठाणं नेमकं कुठं आहे, हे मात्र तिला माहीत नव्हतं. गुजरातच्या पुढं कुठंतरी, एका नाही तर दोन एसट्यांनी जाता येईल, अशी तिची समजूत. पुढे मी सहावीत असताना नकाशाच्या पुस्तकात ते शोधलं. देवी पाकिस्तानात निघाली. समुद्रकाठच्या ओसाड डोंगरांत, एका गुहेत. बाबा पोट धरून हसले. आई हसली नाही. “तिला कुठं म्हाईत हुतं, मानसं रेघ कुठनं मारणारेत ते,” एवढंच बोलली आणि पुन्हा भाकरी थापायला लागली.

गुरुजींनी सांगून पाहिलं, गावच्या देवळात भरा, पोचते. भावकीतल्या बायकांनी सांगून पाहिलं. आईचं एकच. बोलले ते बोलले. मी इंग्लंडला निघालो तेव्हा तिनं बॅगेच्या तळाशी लाल काठाचा हिरवा खण, मूठभर तांदूळ, एक हळकुंड, सुपारी आणि कुंकवाची पुडी ठेवली. नारळ विमानात चालत नाही म्हणून तेवढा वगळला. “तिकडं दोन्हीकडची मानसं राहत्यात म्हनं. त्या बाजूला जानारी एखादी बाई भेटली तर बघ. पर बाईच्या हातनंच हां. ओटी बाईनं भरायची असती.” मी हो म्हणालो, आणि विसरून गेलो.

ब्रिस्टलमध्ये मी आठवड्यातून तीन दुपारी एका अल्टरेशनच्या दुकानात काम करायचो. पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, अस्तर घालणं. बाबांकडे शिकलेलं तिथं उपयोगी पडलं. दुकान चढणीच्या रस्त्यावर होतं. नदीवरून धुकं चढून आलं की काचेबाहेरचं सगळं पुसून जायचं आणि आत इस्त्रीची वाफ असायची. त्या दोन पांढरेपणांच्या मधे बसून टाके घालताना आपण नक्की कुठल्या देशात आहोत, याचा विसर पडायचा. आईचा फोन झाल्यापासून तर मी अशा विसराचीच वाट पाहत असायचो. डॉक्टरांनी दिलेल्या महिन्यातले दहा दिवस गेले होते.

अशाच एका दुपारी आपा आल्या. साठीच्या पुढच्या, उंच, पाठ ताठ. दुकानात सगळे त्यांना आपाच, म्हणजे थोरली बहीण, म्हणायचे. त्यांच्या लांब राखाडी कोटाचं अस्तर फाटलं होतं.

“अस्तर ऐसा डालना बेटा, कि मेरे साथ दफन हो,” त्या म्हणाल्या. “कहाँ के हो?”

“महाराष्ट्र. सोलापूर के पास.”

“बंबई के पडोस में?”

“पडोस नहीं आपा, रात भर की बस है.”

“तो पडोस ही हुआ. हमारे यहाँ कराची से ओरमारा जाने को भी पडोस कहते हैं, और कमर टूट जाती है.”

ओरमारा हे त्यांचं सासर, कराचीच्या पश्चिमेला समुद्राकाठचं मासेमारीचं गाव. दिराच्या मुलीचं लग्न होतं, येत्या शनिवारी निघायचं होतं. मी टेपने पाठीचं माप घेत होतो आणि त्या सहज रस्त्याचं वर्णन करत होत्या. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वाऱ्याने कोरलेले डोंगर, आणि मधे एक फाटा. “वहाँ नानी का मंदिर है. हिंगलाज. तुम्हीं लोगों का है ना? हमारे उधर सब नानी कहते हैं.”

माझ्या हातातली टेप तशीच राहिली. इतकी वर्षं जे नाव मी फक्त आमच्या स्वयंपाकघरात ऐकलं होतं, ते एका पाकिस्तानी बाईंच्या तोंडून ब्रिस्टलमधल्या वाफेत ऐकत होतो. विचारायला एवढंसं वाक्य हवं होतं. ते आलं नाही. त्या दिवसांत दोन्ही देशांत पुन्हा तणातणी चालली होती. सकाळीच बातम्या पाहिल्या होत्या. यांना काय वाटेल? नाही म्हणाल्या तर? हो म्हणाल्या आणि मग अडचणीत आल्या तर? आणि खरं सांगायचं तर लाजही वाटली. मशीन लर्निंगवर प्रबंध लिहिणारा मुलगा, आणि देवीची ओटी पाठवायची म्हणतो. मी छत्तीस इंच असं लिहून घेतलं आणि “गुरुवार को ले जाइए” म्हणालो.

गुरुवारी सकाळी, दुकान उघडायच्या आधी, मी ते केलं. खण सपाट घडी घालून पाठीच्या खालच्या भागात, कोट आणि अस्तर यांच्यामध्ये ठेवला. तांदळाचे पाच दाणे, हळकुंडाचा तुकडा, सुपारीची एक फोड आणि कुंकवाची पुडी खणाच्याच घडीत टाचून बसवली. वरून अस्तर असं शिवलं की बाबांनीही शाबासकी दिली असती. मनाशी म्हटलं, बाईच्या अंगावरून जातेय, देवीच्या फाट्यावरून जाणार आहे. तेवढ्यानं पोचली असं म्हणता येईल. दुपारी आपा कोट घालून आरशासमोर वळल्या, खूश झाल्या, आणि धुक्यात गेल्या. मी बार्शीला फोन केला. “आई, ओटी निघाली. एक बाई घेऊन चालल्यात.”  पलीकडे आई रडायला लागली. संध्याकाळी बाबांचा निरोप आला की पुढच्या शुक्रवारची तारीख घेतली आहे.

मला हलकं वाटायला हवं होतं. शनिवारी सकाळी खिडकीशी चहा घेऊन उभा होतो. त्या शहरात हवा शांत असली की पहाटे मोठमोठे फुगे उडतात, टोपलीत माणसं घेऊन छपरांवरून आवाज न करता सरकत जातात. त्या दिवशी पाच-सहा होते. त्यातला एक लाल फुगा माझ्या खिडकीसमोरून इतक्या संथपणे गेला की टोपलीतली बाई माझ्याकडे पाहतेय असं वाटलं. का कोण जाणे, त्या क्षणी मला एक चित्र दिसलं. विमानतळावर आपांचा कोट ट्रेमध्ये पडलेला आहे, कुणीतरी अस्तर कापतंय, आणि आतून एका हिंदुस्थानी मुलानं लपवून शिवलेली लाल पावडरीची पुडी निघते आहे. मी कप तसाच खिडकीत ठेवला. मी देवीसाठी काही पाठवलं नव्हतं. एका म्हाताऱ्या बाईला न विचारता तिच्या पाठीवर माझी भीती शिवून दिली होती.

हीथ्रो विमानतळाची कोच साडेदहाला आहे, हे आपांनी कोट नेताना सांगितलं होतं. मी धावत स्टँडवर पोचलो तेव्हा आपा दोन बॅगा आणि तो कोट घेऊन बाकावर बसल्या होत्या. मी जे होतं ते एका दमात सांगून टाकलं. त्यांचा चेहरा हळूहळू दगडासारखा झाला.

“मेरे कोट में? मुझसे पूछे बगैर?”

“हाँ, आपा.”

“तुम्हें पता है कराची में उतरूँगी तो मुझसे क्या-क्या पूछते? इस उम्र में?” आवाज चढला, तशी बाजूच्या बाकावरची माणसं वळून पाहू लागली. “मांगने में मुँह दुखता था?”

मी मान खाली घातली. हो, आपा, मुँहच दुखत होतं, असं काहीतरी मी म्हणालो असेन.  त्यांनी कोट माझ्या हातात टाकला. “खोलो. अभी.”

खिशात उसवायचं हत्यार होतं. मी बाकावर बसून माझाच टाका उसवू लागलो. तेवढ्यात त्यांनी विचारलं, “अम्मी को क्या हुआ है?” मी सांगितलं. पिशवी काढायची आहे, आणि हे पोचल्याशिवाय ती टेबलावर झोपणार नाही. त्यांनी खण हातात घेतला, काठावरून बोट फिरवलं. “कपडा अच्छा है. वहाँ क्या बोलना होता है?”

मला माहीत नव्हतं. ओटी भरताना बायका काय पुटपुटतात ते मी कधी ऐकलंच नव्हतं. म्हणून मी आईला व्हिडिओ कॉल लावला. आधी आईला सगळं खरं सांगावं लागलं.

“चोरून?” आई ओरडली. “देवीचं चोरून धाडलास व्हय रं? गाढवा! त्या बाईला काय झालं असतं तर?”

“बिल्कुल ठीक बोल रही हैं,” आपा म्हणाल्या. आईचं मराठी त्यांना कसं कळलं, देव जाणे. त्यांनी फोन हातात घेतला. दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या.

“दीदी, माफ करना हां,” आई तिच्या बार्शीच्या हिंदीत म्हणाली. “लडका हुशार है, पन अक्कल नही है.”

“सबके लडके ऐसे ही हैं, बहन.”

“दीदी, एक पूछूँ? तुम्हारा मालक है ना? मतलब, नवरा?”

“गुजर गए. आठ साल हुए.”

आई थांबली. मला कळलं ती का थांबली. आमच्याकडे ओटी सवाष्णीनं भरायची. नारळ आधीच गेला होता, आता हेही. स्क्रीनवर तिनं पदरानं तोंड पुसलं. “चलता है,” ती म्हणाली. “देवी भी उधर अकेलीच बैठी है. तुम जाओ दीदी. तुम्हारे भाषा में बोलो. मेरा नाम भी मत बोलो. बोलो, एक आई ने भेजा.”

“मैं कह दूँगी,” आपा म्हणाल्या. “अब ये सामने वाले पर्स में जाएगा. कोई पूछेगा तो बता दूँगी, अमानत है.” पुडी मात्र त्यांनी मला परत दिली. खणाच्या काठाला थोडं कुंकू लागलं होतं, तेवढं पुरे, असं आईच म्हणाली. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला. अस्तर उसवलेलंच राहिलं आणि कोट तसाच खांद्यावर टाकून त्या चढल्या.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते आता नीट सांगता येत नाही. लेक्चरला बसायचो, पण डोळ्यांसमोर तो न पाहिलेला रस्ता असायचा, एका बाजूला समुद्र असलेला. सोमवारी आपांचा निरोप आला, कराचीत आहे, सगळं ठीक. मग काहीच नाही. बुधवारी तिकडे पाऊस झाल्याची बातमी पाहिली. गुरुवारी आईला सोलापूरला भरती केलं. तिनं विचारलं, मी म्हणालो अजून कळलं नाही. ती म्हणाली, “कळंल.” शुक्रवारी सकाळी उठलो तेव्हा फोनवर आपांचा आवाज रेकॉर्ड करून आलेला होता. मागे वारा एवढा होता की निम्मे शब्द उडत होते. पलंगाच्या कडेला बसून मी तो तीनदा ऐकला.

त्यांची गाडी फाट्यावर थांबली होती. पण पावसानं नदीला पाणी आलं होतं, आणि देवळाकडे जाणारा रस्ता वाहून गेला होता. ड्रायव्हर म्हणाला, थांबता येणार नाही, वऱ्हाडाला उशीर होईल. आपा खाली उतरून खण हातात घेऊन नुसत्याच उभ्या राहिल्या. तेवढ्यात वाळूच्या बाजूनं एक बाई चालत आली. अनवाणी, भरतकामाचा लांब कुडता घातलेली. जवळ येऊन तिनंच विचारलं, नानीसाठी आहे ना? “मैंने कुछ कहा ही नहीं था, बेटा. शायद हर मुसाफिर से पूछती होगी. मुझे नहीं मालूम.” आपांनी खण तिच्याकडे दिला आणि सांगितलं, एका आईनं पाठवलंय. त्या बाईनं तो डोळ्यांना लावला, कुडत्याच्या पुढच्या खिशात ठेवला आणि वळली. नाव विचारावं म्हणून आपांनी हाक मारली, पण तोवर ती गुडघाभर पाण्यात उतरली होती. ऊन फार होतं, नंतर ती दिसली नाही.

सोलापुरात तेव्हा आईला आत न्यायची वेळ झाली होती. बाबांनी फोन तिच्या कानाला लावला. मी खरं सांगतो, त्या क्षणी जिभेवर खोटं तयार होतं. पोचली आई, देवीपुढं ठेवली. एवढं म्हटलं की काम झालं असतं. पण एकदा मी असं काम केलं होतं, आणि ते एका बाकावर बसून उसवावं लागलं होतं.

“आई, आपा देवळापर्यंत गेल्या नाहीत. रस्ता वाहून गेलाय. वाटेतल्या एका बाईकडं त्यांनी ती दिली. ती पोचली का नाही, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही.”

 “त्या बाईनं कशात घेतली? पिशवीत?”

“नाही. तिकडच्या बायकांच्या कुडत्याला पुढं मोठा खिसा असतो, त्यात.”

“पुढं म्हंजी कुठं?”

असे कुडते मी दुकानात एकदा दुरुस्त केले होते. “कमरेखाली. बसलं की मांडीवर येतो.”

“पोटाशी?”

“हो.”

“मग भरली की रं ओटी!” आई म्हणाली. तिच्या आवाजात हसू होतं, दवाखान्यात भरती झाल्यापासून पहिल्यांदा. “एका बाईची ओटी भरली. ती देवी हुती का देवीची लेक हुती, मला काय करायचंय? माझं बोलणं पुरं झालं.” मग फोनपासून तोंड वळवून तिनं कुणाला तरी म्हटलेलं मी ऐकलं, “चला सिस्टर, कुठं न्यायचं ते न्या.”

दोन तासांनी बाबांचा फोन आला. ऑपरेशन नीट झालं होतं. पुढे आठ दिवसांनी रिपोर्ट आला, तोही चांगला. रिपोर्टचं सांगताना बाबा दुकानातच होते, तरी मागे मशीनचा आवाज नव्हता, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

मी पुष्कळ विचार केला आहे. आई नारळ सोडत गेली, सवाष्ण सोडली, शेवटी देऊळही सोडलं, आणि जितकं सोडत गेली तितकी शांत होत गेली. मी मात्र सगळं मुठीत धरून ठेवलं होतं, म्हणून मला ते अस्तरात लपवावं लागलं. कुणापुढे हात पसरणं, आणि नंतर त्या हातातलं दुसऱ्याला देऊन टाकणं, यांत कमीपणा नाही, हे मला माझ्या कमी शिकलेल्या आईनं आणि एका परक्या देशातल्या बाईंनी शिकवलं. त्या दोघी अजून ईदला आणि दिवाळीला एकमेकींना फोन करतात. निम्मं एकमेकींना कळत नाही, तरी फोन लवकर ठेवला जात नाही.

आणि ती तिसरी, जिचं नाव राहून गेलं. सकाळी कधीतरी डोळे मिटले की मला ती पाण्यात उतरताना दिसते, पोटाशी हात धरून, मागे न पाहता. ती पलीकडे सुखरूप पोचली असेल, एवढंच मी धरून चालतो, आणि तेवढ्यावर हात जोडतो.